ओलीस, खंडणी आणि घरचा दूरध्वनी

(मंडळाच्या सुवर्णमहोत्सवानिमित्त विशाखापट्टणम येथे योजलेल्या व्याख्यानमालेतील एक व्याख्यान)



सुवर्णमहोत्सवासारख्या मंगल प्रसंगी अपहरण आणि खंडणी यांवर बोलावयास उभे राहणे फारसे औचित्याचे नाही, याची मला जाणीव आहे. चिटणीसांनी माझ्याकडे विषय मागितला तेव्हा 'सागरी विम्याचा इतिहास' असे काहीतरी निरुपद्रवी त्यांच्या मनात असावे. परंतु समोरच्या रांगांकडे पाहिले तर ज्या घरातला मुलगा, जावई किंवा यजमान या क्षणी जहाजावर नाही, आखातात नाही किंवा आफ्रिकेतल्या एखाद्या कारखान्यावर नाही, अशी घरे थोडीच निघतील. जुलै २०२५ मध्ये पश्चिम आफ्रिकेतील माली देशात एका सिमेंट कारखान्यातून तीन भारतीयांना पळवून नेल्याचे आपण वाचले. अशा वेळी घरचा दूरध्वनी वाजतो, आणि तो बहुधा बायकोच्या हाती असतो. तेव्हा तिने काय बोलावे आणि काय बोलू नये, हा विषय सणासुदीला न शोभणारा असला तरी आपल्या घरातला आहे.

माझा अधिकार एवढाच, की हयातभर मी सागरी विम्याच्या कचेरीत जहाज, माल आणि भाडे यांचे हिशेब केले. शिवाय एका प्रसंगात मी त्या दूरध्वनीजवळ बसलो होतो, आणि तेथे माझ्या हातून एक मोठी चूक झाली. ती सांगितल्यावाचून हे व्याख्यान पुरे होणार नाही. पण तिच्याकडे मी यथावकाश येईन.

'ओलीस' आणि 'खंडणी' हे दोन्ही शब्द आपल्या बखरींत आणि पत्रव्यवहारांत जागोजाग भेटतात. त्या काळी ओलीस ठेवणे हा राजकारणाचा एक रीतसर भाग होता. १७७९ मध्ये वडगावचा तह झाला तेव्हा इंग्रजांनी आपले दोन अधिकारी मराठ्यांच्या स्वाधीन केले होते, ते ओलीस म्हणूनच. पण आजच्या विषयाच्या अधिक जवळची हकीकत सरखेल कान्होजी आंग्रे यांच्या काळातली आहे. नोव्हेंबर १७१२ मध्ये कारवारहून मुंबईकडे निघालेली इंग्रजांची गलबते आंग्र्यांच्या आरमाराने गाठली. त्यांपैकी एकावर थॉमस चाऊन नावाचा कंपनीचा नोकर आणि त्याची पत्नी कॅथरीन ही होती. तोफेच्या गोळ्याने नवऱ्याचा हात उडाला आणि तो तेथेच मेला. विशीही न गाठलेली ती विधवा कुलाब्याच्या किल्ल्यात कैदेत पडली. तिच्या सुटकेसाठी तीस हजार रुपये ठरले आणि १७१३ च्या आरंभी इंग्रजांशी तह होऊन ती मुंबईस परतली. इंग्रज लेखक आंग्र्यांना चाचे म्हणतात, आपण त्यांना मराठी आरमाराचे सरखेल म्हणतो, आणि माझ्या मते आपलेच म्हणणे बरोबर आहे. त्यांच्या समुद्रात त्यांचा परवाना न घेता फिरणाऱ्याला त्यांनी अडवावे हे राज्यकर्त्यास साजेसेच होते. तथापि त्या पोरीच्या दृष्टीने पाहिले तर कोठडी ही कोठडीच. तिच्या बाजूने बोलावयास मुंबईचा गव्हर्नर होता, कंपनीचा खजिना होता, पाठीशी तह होता. आज आपल्यापैकी कोणावर असा प्रसंग आला तर मागे काय असेल, याचा विचार करून पाहावा.

आता मी आपणास दक्षिण अमेरिकेतील कोलंबिया देशात नेतो. कारण पत्नीने, मुलांनी आणि शेजाऱ्यांनी मिळून केलेल्या बोलण्यांची इतकी पूर्ण हकीकत माझ्या वाचनात दुसरी नाही.

टॉमस हारग्रोव्ह हा टेक्सासचा शेतकीतज्ज्ञ व लेखक. तरुणपणी व्हिएतनामच्या युद्धात तो सैनिकी अधिकारी म्हणून मेकाँगच्या खोऱ्यात होता आणि तेथील शेतकऱ्यांत 'आयआर आठ' या भाताच्या नव्या वाणाचा प्रसार करीत असे. हे वाण १९६० नंतरच्या त्याच दशकात आपल्या गोदावरीच्या काठीही आले, म्हणून त्याचा उल्लेख केला. १९८८ मध्ये तो व्हिएतनामला पुन्हा गेला तेव्हा एका जुन्या शत्रूने त्याला सांगितले, की तुला मारणे आम्हांस अवघड नव्हते. आम्हांला तुझे बियाणे हवे होते म्हणून तू वाचलास. पुढे फिलिपाइन्समधील आंतरराष्ट्रीय भात संशोधन संस्थेत बरीच वर्षे काढून तो १९९२ मध्ये कोलंबियातील कालीजवळच्या आंतरराष्ट्रीय शेतकी केंद्रात रुजू झाला. २३ सप्टेंबर १९९४ रोजी सकाळी कामावर जाताना त्याने नेहमीचा रस्ता सोडून दुसरा धरला. त्या रस्त्यावर फार्क या बंडखोर संघटनेच्या लोकांनी नाकेबंदी केली होती. त्यांच्या या पद्धतीला तेथे 'चमत्काराची मासेमारी' असे म्हणतात: जाळे टाकावयाचे, सापडेल तो मासा काढावयाचा, आणि त्याची किंमत नंतर ठरवावयाची. कोणाला पकडले आहे हे बरेचदा पकडणाऱ्यांसही ठाऊक नसते. हारग्रोव्हला अमेरिकन हेर समजण्यात आले. येथे त्याचे बियाणे कोणाला नको होते.

बातमी आल्यावर त्याची पत्नी सुसान हिच्याजवळ काय होते? परका देश, अर्धवट येणारी भाषा, कॉलेजच्या वयाचे दोन मुलगे आणि शेजारी. एवढ्यावरच तिने बोलणी उभी केली. शेजारी आणि मित्र मिळून एक समितीच म्हणावी अशी मंडळी तिच्या घरी जमू लागली. डोंगरातील माणसांशी बिनतारी यंत्रावरून ठरलेल्या वेळी संभाषण होई. ते सुसान करीत नसे. स्पॅनिश उत्तम बोलणारा, आवाज न चढवणारा एक मित्र करी. बाकीचे आजूबाजूला बसून ऐकत, टिपून घेत, आणि यंत्र बंद झाल्यावर प्रत्येक शब्दाचा कीस काढीत. तिचा मुलगा माइल्स हा सारे लहानशा कॅमेऱ्यावर टिपून ठेवी. त्यातूनच त्याने २०२० मध्ये त्याच 'चमत्काराच्या मासेमारी'च्या नावाने एक माहितीपट काढला. स्वयंपाकघर, टेबल, राखदाण्या, कागद. यापलीकडे त्यात पाहण्यासारखे फारसे नाही, आणि म्हणूनच तो पाहवत नाही.

येथे थोडा थांबतो. बोलणारा आणि निर्णय घेणारा यांनी वेगळे असावे, हे या व्यवहारातले पहिले शहाणपण त्या मंडळींनी अंगिकारले होते. बोलणाऱ्याला नेहमी म्हणता आले पाहिजे, "मला विचारून सांगावे लागेल." पत्नी स्वतः बोलू लागली की तिच्याजवळ हे वाक्य उरत नाही. पलीकडून विचारले जाते, "नवरा हवा की नको?" याला तिच्याजवळ एकच उत्तर असते, आणि ते उत्तर पलीकडच्याला पाठ असते.

दुसरी गोष्ट पैशांची. देशावरच्या बैलबाजारात रुमालाखाली हात घालून बोटांनी सौदा करण्याची जुनी रीत आपल्यापैकी वडीलधाऱ्यांनी पाहिली असेल. तेथे गिऱ्हाईक एकदम मोठा आकडा दाबत नाही; आणि प्रत्येक खेपेला वाढवतो ते आधीपेक्षा थोडे. पन्नास, मग वीस, मग आठ, मग तीन. शब्द न उच्चारता तो सांगतो, की बाबा, आता कसा तळाला लागला. ओलिसाच्या बोलण्यांतही व्यावसायिक सल्लागार नेमके हेच करवतात. वाढ आटत गेली म्हणजे पलीकडच्यालाही पटते की विहीर कोरडी पडली. याउलट घाबरून एकदम दुप्पट केले, तर त्याला कळते ते एवढेच, की मी आधी थोडे मागितले. सुटका जवळ येण्याऐवजी लांबते. घरच्या माणसाला हे पटणे किती कठीण आहे! जेवढे आहे तेवढे आजच्या आज देऊन टाकावे आणि माणूस घरी आणावा, हीच मायेची स्वाभाविक चाल. आणि पळवणारा नेमका तिचीच वाट पाहत असतो. घासाघीस करणारी पत्नी पाषाणहृदयी आहे असे शेजारणी म्हणतात. वस्तुतः ती त्याचे आयुष्य राखीत असते.

सुसानच्या मंडळींनी अनेक महिने अशी घासाघीस केली. मग रक्कम ठरली, पैसे पोचवले गेले, आणि हारग्रोव्ह आला नाही.

या एका वाक्यात किती रात्री आहेत ते मला सांगता येणार नाही. पैसे गेले, माणूस नाही, तो जिवंत आहे की नाही हे ठाऊक नाही, आणि बोलणी पुन्हा पहिल्यापासून. तशीही ती झाली. दुसऱ्यांदा पैसे दिले गेले आणि २२ ऑगस्ट १९९५ रोजी, ३३४ दिवसांनंतर, तो अँडीज पर्वतातून घरी परतला. डोंगरात असताना त्याने चेकबुकाच्या पानांवर आणि मिळतील त्या कागदांवर चोरून रोजनिशी लिहिली होती. तिचे पुढे पुस्तक झाले. त्या पुस्तकावरून आणि एका नियतकालिकातील लेखावरून २००० साली हॉलिवुडने 'प्रूफ ऑफ लाइफ' नावाचा चित्रपट काढला. त्यात ओलिसाची पत्नी आणि वाटाघाटी करणारा देखणा तज्ज्ञ यांचे प्रेम जुळताना दाखवले आहे. ज्यांनी असे घर आतून पाहिले आहे त्यांना हसू आवरणार नाही. तेथे प्रेम जुळण्यास लागणारी झोप कोणाला मिळालेली नसते.

कोलंबियाची आणखी एक गोष्ट सांगितल्यावाचून पुढे जाववत नाही. तेथे १९९४ मध्ये एका पत्रकाराने नभोवाणीवर ओलिसांसाठी कार्यक्रम सुरू केला. तो स्वतः त्याच वर्षी पळवला जाऊन सुटला होता. रविवारी पहाटेपर्यंत चालणाऱ्या त्या कार्यक्रमात बायका नवऱ्यांशी बोलत. मुलगी चालू लागली, छपराची दुरुस्ती झाली, आईला बरे वाटते आहे. ऐकणारा ऐकतो आहे की नाही हे कळावयास मार्ग नाही. हा कार्यक्रम २०१८ पर्यंत चालला. अरण्यातून सुटून आलेले कित्येक जण सांगत, की त्या आवाजांवर आम्ही जगलो. फार्कने २०१६ मध्ये शासनाशी करार करून नंतर शस्त्रे खाली ठेवली. २०२१ मध्ये तेथील विशेष न्यायालयाने त्या संघटनेने पळवलेल्यांची संख्या किमान २१,३९६ अशी नोंदवली. विमा कचेरीत मोठ्या आकड्यांची मला सवय झाली होती. हा आकडा मात्र वाचून मी कागद बाजूला ठेवला.

कोलंबियाहून मेक्सिकोकडे वळण्याचे कारण असे, की तेथील एका स्त्रीने हेच काम जवळजवळ एकटीने केले. जेन व्हाल्सेका ही जन्माने अमेरिकन, नवरा एदुआर्दो मेक्सिकन. १३ जून २००७ रोजी सान मिगेल दे आयेंदे या गावी मुलांना शाळेत सोडून परत येताना दोघांनाही पकडण्यात आले, आणि तिला मुद्दाम वाटेत सोडून देण्यात आले. का, हे आता आपणास सांगावयास नको. पैसे उभे करण्यास घरात कोणीतरी लागते. मागणी ऐंशी लाख डॉलरची. एदुआर्दोचे वडील एके काळी मोठ्या वृत्तपत्रसमूहाचे मालक होते. तो समूह १९७० नंतरच्या दशकात हातचा गेला होता, परंतु नाव उरले होते. पळवणाऱ्यांनी जमाखर्च मांडला तो त्या नावावर. ते इ-मेलने लिहीत आणि तिने वर्तमानपत्रातील छोट्या जाहिरातींतून उत्तर द्यावे असा हुकूम होता. एका पेटीएवढ्या जागेत कोंडलेल्या नवऱ्याची छायाचित्रे तिला पाठवली जात. एकदा त्याच्या पायावर आणि एकदा हातावर गोळी झाडली गेली. तरीही, आहे ते इतकेच आहे, या म्हणण्यावरून ती ढळली नाही. कारण ते खरेच होते. मेक्सिकन पोलिसांचा सल्लागार तिच्या घरी राहत असे आणि काय लिहावे ते सुचवी. साडेसात महिन्यांनी, २४ जानेवारी २००८ रोजी, तो अर्ध्या देहाने परत आला. तिला कर्करोग होता. २०१२ मध्ये ती वारली. या हकीकतीचे पुस्तक तिनेच लिहून ठेवले आहे. छायाचित्र पाहून त्याच संध्याकाळी रक्कम न वाढवण्याला कोणत्या जातीचे धैर्य लागते, याचा मी पुष्कळ विचार केला आहे. उत्तर मला आलेले नाही.

आता आपल्या समुद्राकडे येऊ. २००८ ते २०१२ या काळात सोमालियाच्या किनाऱ्यावरील चाच्यांनी जहाजे धरण्याचा सपाटा लावला आणि जगातील खलाशांत आपले लोक मोठ्या संख्येने असल्यामुळे धरलेल्यांतही ते मोठ्या संख्येने निघाले. येथे व्यवहार वेगळा. खंडणी जहाजाचा मालक, म्हणजे पर्यायाने त्याचा विमा उतरवणारे, देतात. १९३२ मध्ये लिंडबर्गच्या बाळाचे अपहरण झाल्यानंतर लंडनच्या लॉइड्समध्ये अशा विम्याची सुरुवात झाली. पॉलिसी असल्याचे बाहेर कळू द्यावयाचे नाही, ही तिची महत्त्वाची अट. कळले की भाव वाढला. पैसे रोख लागतात. दहा लाख डॉलर शंभराच्या नोटांत दहा किलो भरतात. पुढे पुढे ते लहान विमानातून हवाई छत्रीने जहाजावर टाकीत. 'सिरियस स्टार' हे तेलवाहू जहाज जानेवारी २००९ मध्ये असेच सुटले, आणि वाटणी घेऊन होडीतून परतणारे पाच चाचे बुडून मेले. विमा कचेरीत त्या दिवशी कोणी दुःख केल्याचे मला स्मरत नाही.

या व्यवहारात खलाशाच्या पत्नीला वरकरणी जागाच नाही. पण चाचे तिला जागा देतात. मालक ढिलाई करू लागला की ओलिसाच्या हाती दूरध्वनी देऊन घरी बोलणे लावावयाचे, घरच्यांनी रडावे, मालकाच्या दारी जावे, वर्तमानपत्रात ओरड करावी, म्हणजे मालक वाकेल. हा त्यांचा नेहमीचा डाव.

आमच्याच इमारतीत, वरच्या मजल्यावर, दापोलीकडचे एक जोडपे राहत असे. तो जहाजावर सेकंड इंजिनिअर. जहाजाचे, मालकांचे आणि त्यांचे नाव मी घेणार नाही. २०१० च्या पावसाळ्यानंतर त्यांचे जहाज धरले गेले. ती माझ्या पत्नीला काकू म्हणे. त्या नात्याने मी काका. मी विम्यातला माणूस, मला सगळे कळत असणार, अशी तिची समजूत. आणि खरे सांगावयाचे तर ती समजूत मला सुखावत होती. दूरध्वनी आला की ती मला बोलावी आणि मी जवळ बसे.

दुसऱ्या खेपेला पलीकडे तो स्वतः होता. इंग्रजीतच बोलण्याची सक्ती असावी. आपल्या बायकोशी इंग्रजीत बोलणारा दापोलीचा माणूस! मग दुभाष्याने यंत्र घेतले. घर स्वतःचे आहे का, जमीन आहे का, सोने किती, असे तो शांतपणे विचारू लागला. तिने माझ्याकडे पाहिले. तिचा चेहरा मला पाहवेना. मी मान हलवली. ती म्हणाली, "गावची वाडी विकू, दागिने विकू, पंधरा लाख देऊ; पण त्यांना मारू नका."

एवढेच. त्या दिवसापासून दर तिसऱ्या रात्री दूरध्वनी येऊ लागला. मालकाकडून येणारे ते येतीलच. हे पंधरा वेगळे, आणि पंधराचे तीस का होऊ नयेत? आठवड्याभरात मालकांच्या सल्लागाराचा मला निरोप आला. गृहस्थ सभ्य होता, पण शब्द मी विसरलो नाही. "साहेब, आम्ही एक दुकान चालवतो आहोत. समोर दुसरे दुकान कोणी उघडले?" जहाजावर तिच्या नवऱ्याला बाकीच्यांपासून वेगळे काढले होते, हे नंतर कळले. वाडी असलेला माणूस म्हणून.

ती वाडी माझ्या एका होकारामुळे रुमालाखाली गेली, ही गोष्ट मी त्या वेळी तिला सांगितली नाही. माझ्या पत्नीने सांगितली. ती मला काही बोलली नाही; दुसऱ्या दिवशी पुन्हा बोलावले मात्र. मी तिला एक शंभर पानी वही आणून दिली. तारीख, वेळ, कोण बोलले, काय शब्द, मागे कसले आवाज, हे सारे तीत लिहावयाचे. आणि बोलावयाचे एकच वाक्य ठरवले: "मला व्यवहारातले कळत नाही, तुम्ही कंपनीशी बोला, ते कसे आहेत एवढे सांगा." शिव्या आल्या तरी तेच, रडणे ऐकवले तरी तेच. पहिल्या दोन खेपा तिचा आवाज फुटला. तिसऱ्या खेपेला ती ते वाक्य असे बोलली, की जणू गॅसचा नंबर लावते आहे. खाली ठेवल्यावर तिने वहीत लिहिले आणि मग स्नानगृहात जाऊन नळ सोडला.

तो जिवंत आहे याची खात्री करण्यासाठी त्यालाच ठाऊक असेल असा प्रश्न विचारावयाचा असतो. तिने काढलेला पहिला प्रश्न होता, "दारातला फणस कापा की बरका?" सल्लागार मराठी नव्हता, त्याला फणस समजावून सांगण्यात दहा मिनिटे गेली, आणि मग त्याने रास्त हरकत घेतली, की दोनच उत्तरांचा प्रश्न कोणीही ठोकून देईल. तेव्हा तिने दुसरा दिला: त्या फणसाखाली कोणाला पुरले आहे? चार दिवसांनी उत्तर आले, 'मोती, कुत्रा.' त्या दिवशी ती माझ्या देखत प्रथमच रडली.

माझ्या ओळखीच्या काहींनी तिला दिल्लीस जाऊन मंत्र्यांच्या दारी बसण्याचा सल्ला दिला. तो सर्वस्वी चुकीचा म्हणवत नाही. २००८ मध्ये 'स्टोल्ट व्हॅलर' धरले गेले तेव्हा कप्तानाच्या पत्नीने डेहराडूनहून दिल्ली गाठून सरकारला आणि वर्तमानपत्रांना स्वस्थ बसू दिले नाही. दोन महिन्यांत जहाज सुटले. त्या बाईंविषयी मला आदर आहे. मात्र ओरड करावयाची ती मालकावर आणि शासनावर. पलीकडच्या आवाजाला घरची कुंडली कळता कामा नये. हा भेद मला आधी कळला असता तर बरे झाले असते.

तसेच, पैसे पोचले म्हणजे माणूस आलाच, असेही नाही. 'अस्फाल्ट व्हेंचर' सप्टेंबर २०१० मध्ये धरले गेले, खंडणी दिली गेली, एप्रिल २०११ मध्ये जहाज सुटले. पण पंधरा भारतीयांपैकी सात जणांना चाच्यांनी किनाऱ्यावर उतरवून ठेवून घेतले, कारण आपल्या नौदलाने त्यांचे साथीदार पकडले होते. ते सात ऑक्टोबर २०१४ च्या अखेरीस सुटले. सात घरांत साडेतीन वर्षे कोणाशी काय बोलावयाचे, हाच प्रश्न होता.

खंडणी मुळातच देऊ नये, असा एक पक्ष आहे आणि त्याचे म्हणणे खोटे नाही; प्रत्येक खंडणी पुढच्या अपहरणाचे भांडवल होते. इटलीने १९९१ मध्ये अपहृताच्या कुटुंबाची मालमत्ताच गोठवणारा कायदा केला. अमेरिकेत मात्र, ओलीस असलेल्या मुलांच्या आईबापांनाच खटल्याचा धाक दाखवला गेल्याची मोठी ओरड झाल्यावर, जून २०१५ मध्ये शासनाला जाहीर करावे लागले, की कुटुंबांवर खटले भरणार नाही. भारत सरकारने आपल्या नौदलाचा धाक बसवला आहे. मार्च २०२४ मध्ये 'रुएन' जहाजावरील सतरा जणांना सोडवून पस्तीस चाच्यांना मुंबईस आणले, हे सर्वांना ठाऊक आहे. तरीही ज्याचे माणूस पलीकडे आहे त्याच्यापुढे तत्त्व मांडावयास मी जाणार नाही. फार तर वही घेऊन जाईन.

आमच्या वरच्या मजल्यावरचा गृहस्थ साडेसात महिन्यांनी सुटून आला. विमानतळावर मी गेलो होतो. पुढे काही दिवस तो भिंतीकडे पाठ करूनच बसत असे. वाडी विकावी लागली नाही. एके संध्याकाळी ती खाली आली, वही माझ्या टेबलावर ठेवली आणि म्हणाली, "काका, त्यांनी वाचायला मागितली, मी दिली नाही. तुमच्याकडे असू द्या." पुढे ते पुण्याला गेले. वही माझ्या कपाटात आहे. चौथ्या पानावर, त्या दुसऱ्या खेपेच्या तारखेखाली, 'काकांनी होकार दिला' असे तिने लिहून ठेवले आहे.